बाकाच्या टोकाला बसलेली आजी

परवा आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सेक्रेटरींचा आग्रह, "मॅडम, आफ्रिकेतल्या हॉस्पिटलबद्दल दोन शब्द बोला ना."

मी चांगली वीस मिनिटं बोलले... तिथल्या मक्याच्या पिठाच्या गोळ्याबद्दल, सकाळच्या प्रार्थनेबद्दल, पाठीवर कापडाने मूल बांधून मैलोन्मैल चालत येणाऱ्या बायांबद्दल. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच चीड आली, कारण एक गोष्ट मी सरळ गिळून टाकली होती. ती इथे लिहिते.

मी नर्स. बावीस वर्षं नवी मुंबईत ओपीडी सांभाळली आणि नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांसाठी मलावीतल्या एका खेड्यातल्या हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून गेले. सकाळी रांगेतून फिरायचं आणि कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायचं, हे काम माझ्याकडे आलं. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ...

आपल्याकडे कसं असतं, जासईची एखादी बाई चप्पल काढायच्या आधीच सांगते, "सिस्टर, आदी माज्या पोरीला बगा, दोन दिस ताप हाय." मागून तिचा नवरा, दीर, शेजारी, सगळे एकदम बोलतात. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला होता... जो गप्प बसलाय, त्याला घाई नाही.

त्या दिवशी बाकाच्या टोकाला एक आजी बसली होती. पाठीवर कापडात बांधलेला नातू, मान एका बाजूला कललेली. मला वाटलं झोपलाय.

मी नवीनच शिकलेल्या तिथल्या चिचेवा भाषेत विचारलं, कशा आहात? आजी थोडी वाकून म्हणाली, बरी आहे, तुम्ही कशा आहात? मी हसले, "बरी" म्हटलं आणि पुढे गेले. पुढे एक माणूस हात कापला म्हणून ओरडत होता, त्याला आधी आत घेतलं.

पोराच्या कपाळाला हात लावला नाही मी. बावीस वर्षं ओपीडीत काढलेली नर्स... साधा हात लावला नाही.

दीड तासाने तिथली माझी सहकारी नर्स, ग्रेस, रांगेतून आली. तिने आजीला तेच विचारलं, आजीने तेच उत्तर दिलं. पण ग्रेस थांबली, शेजारी बसली, घरच्यांची विचारपूस केली. मग आजीने सांगितलं की पोराने कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही आणि सकाळपासून डोळे उघडलेले नाहीत.

तिथे अशीच रीत आहे. समोरच्याने विचारलं की आधी बरं आहे म्हणायचं, त्याचं विचारायचं, आणि तो थांबला तरच दुखणं काढायचं. मला ते "बरी आहे" म्हणजे तिचं उत्तर वाटलं होतं.

मलेरिया होता, अंगात रक्त उरलं नव्हतं. हॉस्पिटलमध्येही त्याच्या गटाचं रक्त नव्हतं, ते आणायला गाडी गेली... ती यायच्या आत दुपारी पोर गेलं. डॉक्टर म्हणाले, दीड तास आधी घेतलं असतं तरी सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' हे शब्द मी अजून रोज ऐकते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या गावी गेलो. तिथे मयताला न जाणं म्हणजे फार मोठा अपमान. अंगणात बाया जमिनीवर बसल्या होत्या, आजीने मला पाहिलं आणि सरकून आपल्या चटईवर जागा दिली.

मला राहवेना. मी ग्रेसला हळूच म्हणाले, "तिला सांग, चूक माझी होती. मी थांबले नाही, मला माफ कर म्हणावं."

ग्रेसने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नाही सांगणार. आज तिला वाटतंय देवाने नेलं. तू सांगितलंस की तिला कळेल, ती ओरडली असती तर पोर वाचलं असतं. मग ती जन्मभर स्वतःलाच दोष देईल. तुझं ओझं तुझ्याजवळ ठेव."

आजीने माझा हात हातात घेतला होता, तो तिने बराच वेळ सोडला नाही... मला तो काढून घ्यावासा वाटत होता.

ग्रेसचे उपकार मी विसरणार नाही. माझं मन हलकं करायला मी त्या बाईला उद्ध्वस्त करणार होते, तिने अडवलं. म्हणून आज ही माफी इथे मागतेय... आजीला कधीच वाचता येणार नाही अशा भाषेत.