दोन काहिली आणि एक होकायंत्र

दुसरं महायुद्ध संपलं आणि धाकटे काका पलटणीतून सुटून कृष्णाकाठी आमच्या गावी आले. आल्या आल्या त्यांनी पाणबुडी करायला घेतली. गुऱ्हाळाच्या, उसाचा रस आटवायच्या दोन लहान काहिली तोंडाला तोंड लावून जोडल्या, सांधा चामड्याने आणि डांबराने बुजवला, पाणी लोटायला हाताने फिरवायचा पंखा बसवला आणि श्वासासाठी वर वेळूची लांब नळी काढली. हातभर पाण्याखालून पैलतीर गाठायचा, एवढाच बेत होता. वडिलांनी काहिली दिल्या त्या दसऱ्यापर्यंतच. पुढे गुऱ्हाळ लागायचं होतं.

पाणी गढूळ, आणि यंत्र असं गोल की त्याला ना तोंड ना पाठ. म्हणून होकायंत्र हवं. ते निवडायचं काम माझ्यावर आलं, कारण सांगलीच्या कॉलेजात शास्त्र शिकणारा घरातला पहिला मीच.

काकांकडे पलटणीतलं एक होतं, पण पंखा फिरू लागला की त्याची सुई थरथरत राही. सांगलीच्या एका घड्याळजीने मला दुसरं वापरायला दिलं. त्यात पितळी वाटीत पाण्यासारख्या द्रवावर तबकडी तरंगत होती. कितीही हलवा, ती सावकाश स्थिर होई. लोखंडाच्या पोटात तीही उत्तर दाखवीना, तेव्हा मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी समजावलं, की उत्तर हवीच कशाला? पाणबुडी पैलतीराच्या देवळाकडे रोखा, तबकडी थांबेल तिथे खूण करा आणि ती खूण सोडू नका. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. काकूंच्या करंड्यातलं कुंकू घेऊन मी काचेवर रेघ ओढली.

काका आत बसले. अर्धा गाव काठावर. नळी सरळ निघाली, मधोमध पोचली, आणि मग हळूहळू वळू लागली. वळत वळत आमच्याच काठाला, धुणं धुणाऱ्या बायकांच्या पुढ्यात येऊन थांबली. झाकण उघडून काका रुबाबात उभे राहिले.

"पैलतीरच्या बायकाबी आपल्यासारख्याच दिसत्यात की."

"आवं, घरचीच हाय मी," हातातला पिळा न सोडता काकू म्हणाल्या.

दसरा चार दिवसांवर आला होता. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजं शास्तर काय म्हणतंय?"

मी आत उतरलो. होकायंत्राला खेटून काकांचा अडकित्ता पडला होता. नदीच्या मधोमध त्यांना सुपारीची तलफ आली होती. मी अडकित्ता उचलला, तबकडी फिरली. ठेवला, पुन्हा फिरली. वडिलांना डोकावायला लावलं, तर तेही बराच वेळ अडकित्ता ठेवत-उचलत राहिले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी काकांची पानसुपारीची चंची अडकित्त्यासकट काठावरच काढून घेतली. काका कुरकुरले, पण नळी थोडी वाकडीतिकडी होत थेट देवळाच्या पायरीला लागली.

काहिली दसऱ्याला गुऱ्हाळावर गेल्या. होकायंत्र परत करण्याआधी वडिलांनी ते आठवडाभर ओट्यावर ठेवून घेतलं. येईल त्याला ते शेजारी अडकित्ता ठेवून दाखवत. "बघ, लोकंड जवळ आलं की चळतंय. पोरानं शोधलं." पुढे मी पदवीधर झालो, पण तेही त्यांनी इतक्या जणांना सांगितल्याचं मला आठवत नाही.