भित्र्या तानुबाईची लेक

तानुबाई भित्री होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिलाही मान्य होतं. विहिरीत ती कधी वाकून पाहायची नाही, बैलाने शिंगं हलवली की दाराआड जायची, आणि सासू पार्वताबाई नुसती खाकरली तरी हिच्या हातातलं भांडं पडायचं. पाणी भरताना बायका तिची नक्कल करून हसायच्या. हसोत बापड्या. या भित्रेपणामुळेच तिला एक गोष्ट कळली, जी गावातल्या धीट माणसांपैकी एकालाही कळली नाही.

तिची मुलगी वच्छला, घरातली वच्छी, सहा-सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. अंगाला हात लावला की तो झटकून टाकायची. दिवसभर मूठभर सरकी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतत बसायची आणि कोणी वाटी उचलली की किंचाळायची. त्याचंही काही नाही. पण आवाज तिला सहन व्हायचा नाही. ताशा वाजला, गाडीचं चाक करकरलं, चार माणसं एकदम हसली, की ही पोर भिंतीवर डोकं आपटायची, नाहीतर दिसेल त्या वाटेने धावत सुटायची. वाट विहिरीकडे जाते की बैलांच्या पायांत, हे ती बघत नसे.

आणि ती वर्षं आवाजाचीच होती. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि विलायतेतल्या गिरण्यांना अचानक वऱ्हाडाची आठवण आली होती. दर्यापूरकडच्या काळ्या मातीत ज्याने त्याने ज्वारी कमी करून कपाशी लावली. अमरावतीला जाणाऱ्या गाड्यांची रांग तुटेना. ज्यांच्या लग्नात एरवी एक सनई धड वाजली नसती, ते आता अमरावतीहून ताशेवाले बोलावू लागले. पैसा आला की माणसाला आधी मोठ्याने बोलावंसं वाटतं. गाव खुशीत होतं, आणि तानुबाई मात्र लांबून ताशा ऐकला की हातातलं काम टाकून पोरीला शोधत धावायची.

उपाय सांगण्यात गाव कधी मागे राहत नाही. कोणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणालं, आईच्या लाडाने शेफारली. पार्वताबाईने बार्शीटाकळीकडचा एक भगत बोलावला. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि तापलेल्या विळ्याने पोरीच्या टाचेला डाग दिला. तानुबाई दाराआड उभी होती, पुढे व्हायची तिची छाती झाली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस वच्छी आजी दिसली की भिंतीला चिकटून चालायची. अजून दोनदा यावं लागेल, असं भगत सांगून गेला, तेव्हा मात्र तानुबाई दाराआडून बाहेर येऊन सासूपुढे उभी राहिली.

"आत्याबाई, त्या माणसाले आता घरात घेऊ नोका. मी पाया पडतो तुमच्या."

"मंग काय करतं?" पार्वताबाई म्हणाली. "दोरानं बांधून ठेवतं का तिले?"

हे काही नुसतं बोलणं नव्हतं. पलीकडच्या गल्लीत एका वेड्या बाईला तिच्या घरच्यांनी गोठ्यात बांधून ठेवलं होतं. तिच्या घोट्यावरची जखम कधी भरत नसे. तिथून जाताना तानुबाई मान फिरवायची, पण तो दोर तिच्या स्वप्नात यायचाच. तिचा नवरा नत्थुजी वाईट माणूस नव्हता, तरी तोही एकदा म्हणाला, "पोरगी आणखी एक डाव हरवली तं बांधाच लागन. विहिरीत पडण्यापरीस बरं." तेव्हापासून तानुबाईच्या सगळ्या भीतींची मिळून एकच भीती झाली. पोर मरायला नको, आणि बांधली जायलाही नको.

त्या हंगामात भाव चढतच होता म्हणून नत्थुजीने कापूस विकला नाही. घरामागची कोठी आढ्यापर्यंत भरली. एके दिवशी गल्लीतून वरात चालली होती. वच्छी धावत कोठीत शिरली, कापसात घुसली आणि वरचा ढीग घसरून तिच्यावर आला. तानुबाईने दोन्ही हातांनी कापूस उपसला. तोंडाने देवाचं नाव घ्यायचं होतं, तेही आठवेना. आत पोरगी शांत पडलेली होती. डोळे उघडे, श्वास संथ. बाहेर ताशा तडतडत होता आणि ही हलत नव्हती.

तानुबाई तिथेच बसून राहिली. लहानपणी वीज कडाडली की ती कणगी आणि भिंत यांच्या सांदीत स्वतःला कोंबून घ्यायची. अंग जितकं आवळलं जाई तितकं तिला बरं वाटे. म्हणजे पोरीला वेड लागलेलं नाही, कोणी झपाटलेलंही नाही. ती आपल्यासारखीच आहे. फक्त तिची भीती आपल्यापेक्षा फार मोठी आहे. तानुबाईला हे लख्ख कळलं, पण कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. भित्र्या माणसाच्या सांगण्याला तसंही कोण विचारतं?

त्यानंतर आवाजाची चाहूल लागली की ती पोरीला कोठीत न्यायची, गळ्यापर्यंत कापसात बसवायची आणि वरून दोन्ही तळहातांनी सावकाश दाबत राहायची. तोंड बाहेर ठेवायचं, हे ती बोटाने पुन्हा पुन्हा दाखवायची. पोरीला किती कळलं, देव जाणे. पण डोकं आपटणं कमी झालं. एकदा तर वच्छीने स्वतः येऊन आईचा पदर ओढला आणि तिला कोठीकडे नेलं. त्या दिवशी तानुबाईने गुळाचा शिरा केला. आज काय आहे म्हणून सासूने विचारलं, तर तिने सासूच्या वाटीत आणखी शिरा घातला.

मग भाव थांबला आणि नत्थुजीने कापूस काढला. दलाल आपली माणसं घेऊन घरी आला. अंगणात खोल खड्डा होता, त्यात त्यांनी गोणपाटाचा मोठा बोरा सोडला, तोंड जमिनीबरोबर येईल असा. सहदेव नावाचा धिप्पाड गडी आत उतरला. वरून टोपल्यांनी कापूस पडायचा, सहदेव तो पायांनी तुडवायचा आणि तुडवत तुडवत वर यायचा. भरलेला बोरा ओढून काढला की त्याचं तोंड शिवायचं आणि पुढचा सोडायचा. तुडवलेला बोरा लाकडासारखा टणक होई.

तानुबाईला त्या दिवशी शेतात शेवटच्या वेचणीला जायचं होतं. तिचा पाय निघत नव्हता. "जाय, मी पायतो तिच्याकडं," पार्वताबाई म्हणाली. दुपार कलल्यावर गावाकडून ओरडा ऐकू आला. काय झालं हे विचारायला तानुबाई थांबली नाही. वेचलेला कापूस वाटेत सांडत ती कपाशीच्या पऱ्हाटीतून धावत सुटली.

अंगणात सगळे "वच्छे, वच्छे" म्हणून ओरडत होते. विहीर बघून झाली होती. नत्थुजी बोरे भरून अमरावतीच्या वाटेने पुढे गेलेल्या गाड्यांमागे धावत गेला होता. पार्वताबाई जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिची हनुवटी थरथरत होती आणि दात एकमेकांवर वाजत होते.

"कोठीत पायलं का?" तानुबाईने विचारलं.

"कोठी खाली झाली माय," कोणीतरी म्हणालं. "सारा कापूस भरला."

तानुबाईने अंगणातल्या शिवलेल्या बोऱ्यांकडे पाहिलं. कापसात शिरायला आपणच शिकवलं होतं. आपल्याच हातांनी.

सहदेव पुढे आला. "वैनी, माह्या पायाखाली काही लागलं नाही. लागलं असतं तं समजलं असतं मले." पण हे बोलताना तो आपल्याच पायांकडे बघत होता.

माणसं पुन्हा ओरडू लागली तशी तानुबाई वळली. "चुप राहा सारे. वरडू नोका. तुमी वरडसान तं ते आणखी खाली जाईन."

हा आवाज कोणाचा, हे लोकांना क्षणभर समजलं नाही. दलाल शिवलेल्या बोऱ्यांपुढे उभा राहून काहीतरी पुटपुटत होता. तिने त्याला हाताने बाजूला सारलं. भीतीच एवढी होती की बाकीच्या सगळ्यांना भ्यायला तिच्यापाशी जागाच उरली नव्हती. अंगण गप्प झालं. तिने कानोसा घेतला. काही नाही.

सहदेवने विळ्याने पहिल्या बोऱ्याची शिवण कापली आणि डोळे मिटून आत हात घातला. कापूस. दुसरा कापला. कापूस. प्रत्येक बोऱ्याला तो हात घालण्याआधी तोंड फिरवायचा आणि बायका पदर तोंडात कोंबायच्या. सगळे बोरे फाटून पडले, अंगण पांढरं झालं, आणि पोरगी मिळाली नाही. राहिला तो खड्ड्यातला, जवळजवळ भरत आलेला.

"ह्याच्यातून मी पाणी प्याले वर आलतो," सहदेव म्हणाला. "मांगून दोन टोपले टाकले यायनं. मी उतरतच होतो. एक पाय आत टाकला अन् वरडा झाला."

तानुबाई खड्ड्याच्या कडेला पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कापूस, आणखी कापूस, मग बोटांना बोटं लागली. पायाची. तानुबाईची बोटं सरकत टाचेपर्यंत गेली. डागाचा खडबडीतपणा हाताला कळला. पाय हलत नव्हता. तानुबाईने टाच घट्ट धरली, आणि तो पाय एकदम झटक्याने मागे ओढला गेला.

पोरीने असं झटकलं की तिला नेहमी वाईट वाटायचं. रात्री पदर डोळ्यांना लावून ती रडायचीही. आज त्या झटक्याने तिच्या जिवात जीव आला.

मुटकुळं करून पडलेल्या वच्छीला वर काढलं तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं, नाकात आणि पापण्यांत तंतू अडकले होते, श्वास तोकडा पडत होता. ती ठसकली आणि मग श्वास घेऊ लागली. लोकांनी आनंदाने एकच गिल्ला केला. अर्थात पोरगी किंचाळली. एवढं होऊनही त्यांना गप्प बसवेना.

दिवस मावळताना नत्थुजी परतला. वाटेवर गाड्या अडवून त्याने बोरे फाडले होते. पागोट्यात, मिशांत कापूस होता. पोरीकडे बघत त्याने पागोटं झटकलं आणि तो म्हणाला, "उद्यापासून दोर."

तानुबाईने त्याचे पाय धरले. "माह्या डोळ्यापुढून हलू देणार नाही. येवढ्या डाव ऐका माह्यं."

"बरं. पण पुन्हा पळाली तं मले इचारू नोको."

फाटक्या बोऱ्यांतला कापूस पुन्हा भरून गेला. कोठीत एक बोंडही ठेवायचं नाही, असं नत्थुजीने बजावलं. वच्छी रिकाम्या कोठीत जायची, कोपरे चाचपायची आणि तिथेच उभी राहायची. पार्वताबाईने गोठ्यातला दोर आणून कोठीच्या दाराशी ठेवला.

माघात पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. वरात नत्थुजीच्या दारावरूनच जाणार होती आणि नत्थुजी वरातीतच होता. तानुबाईने दारं लावली, पोरीला कोठीत घेतलं, अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. वच्छीने त्या भिरकावून दिल्या. ताशा जवळ येत गेला. पोरगी भिंतीकडे धावली, डोकं आपटायला लागली. दुसरं काही सुचेना, तेव्हा तानुबाईने तिला खाली घेतलं आणि तिच्यावर आडवी झाली, कापसासारखी, सगळ्या अंगाने. वच्छी तिच्या खांद्याला कडकडून चावली. आपण हिला चिरडतोय की सांभाळतोय, हे तानुबाईला कळत नव्हतं. सैल सोडावं तर ही पळणार, आणि पळाली की दोर.

ताशा कोपऱ्यावर आला. पोरगी तिच्याखालून सरपटत दाराकडे निघाली. तेवढ्यात दार उघडलं. पार्वताबाई उभी होती, हातात दोर.

"धर तिले," ती म्हणाली.

संपलं, असं तानुबाईला वाटलं. पार्वताबाई खाली बसली, पाय धरायला वाकली आणि तोल जाऊन तिचा हात पोरीच्या पाठीवर पडला. तो तिथेच राहिला. आतलं काळीज इतकं जोरात उडत होतं की म्हातारीचा तळवा खालीवर होत होता. पोरीचे दात एकमेकांवर वाजत होते. पोर हरवली त्या दिवशी अंगणात म्हातारीचे स्वतःचे वाजले होते, तसे.

"हे असं कवापासून होते हिले?"

"ताशा वाजला की, आत्याबाई. दर डाव."

पार्वताबाईने हात काढून घेतला, कारण पोरगी त्या हाताखाली आणखीच आकसत होती. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर गेली. पुढच्या दाराची कडी निघाल्याचं ऐकू आलं. आवाज एकदम कोठीत घुसला. तानुबाईने डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढं वजन पोरीवर टाकलं.

मग ताशा अडखळला. एक काडी मागून वाजली आणि तीही थांबली. बाहेर सासूचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. पाटलाची वरात भर रस्त्यात अडवायची, म्हणजे आता घरावर काय येणार? पण थोड्या वेळाने दारापुढून नुसती पावलं गेली, बैलांच्या घुंगरांचा बारीक आवाज गेला, आणि वरात पुढच्या गल्लीला लागेपर्यंत कोणी मोठ्याने बोललंदेखील नाही. खालची पोर हळूहळू सैल पडली.

पार्वताबाई आत आली आणि पोरीपासून लांब, पलीकडच्या भिंतीशी टेकून बसली. तिला धाप लागली होती.

"काय सांगतलं तुमी त्यायले?" तानुबाईने भीत भीत विचारलं.

"काय सांगाचं?" म्हातारी म्हणाली. "म्हटलं, आमचं लेकरू भेते."