लीलाताईंच्या कागदी माना

सुदामा नगरात लीलाताईंकडे ब्लाउज शिवायला टाकायचा, तर आधी गेंडे बाजूला सारावे लागतात. मशीनवर, पलंगावर, टीव्हीवर, जिकडे तिकडे वर्तमानपत्रातून कापलेल्या गेंड्यांच्या माना! मी त्यांचा शेजारी. एकदा एका मानेवर चहाचा कप ठेवला, तर मला असं झापलं की विचारू नका.

त्यांची मुलगी अबोली आसामात गेंड्यांचा अभ्यास करते. जंगलातल्या कॅमेऱ्यात आलेला गेंडा नेमका कोणता, हे शिंग, कान आणि मानेवरच्या वळ्या पाहून ओळखायचं. वळ्या म्हटल्यावर आई मध्ये पडणारच. बाईंनी शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलंय. फोटो मोठा छापून आणतात, बाहीचा कापावा तसा वळ्यांचा कागद कापतात आणि नव्या फोटोवर ठेवून बघतात. अकरा गेंडे त्यांनी घरबसल्या ओळखलेत. मला दोन म्हशींतला फरक कळत नाही!

मार्चमध्ये एक फोटो आला. शिंग तुटलेली मादी, डाव्या बाजूने. अबोलीचा जीव टांगणीला लागला. पुरात आई गमावलेल्या चिमी नावाच्या पिल्लाला तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. जंगलात सोडल्यापासून दोन वर्षं चिमीचा पत्ता नव्हता, आणि शुक्रवारी अबोलीच्या केंद्राच्या नोंदवहीत चिमीपुढे ‘मृत’ लिहिलं जाणार होतं.

लीलाताईंकडे चिमीच्या उजव्या बाजूचा कागद होता. त्यांनी तो पालथा करून डाव्या फोटोवर ठेवला. एक वळी जुळेना.

“बेटा, ही अपनी चिमी नाहीये गं,” त्यांनी फोनवर सांगितलं.

गुरुवारी कुमुदिनीबाई ब्लाउज न्यायला आल्या. त्यांचा डावा खांदा उतरता, म्हणून लीलाताई त्यांच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापतात. खांद्याला टाचणी लावता लावता लीलाताई थबकल्या.

“कुमुदिनीजी, तुमच्या दोन खांद्यांत इतका फर्क, आणि मी गेंड्याला एकसारखा समजून बसले!”

कुमुदिनीबाईंना तशाच टाचण्यांत उभं ठेवून त्यांनी फोन लावला. “अबोली, चिमीचा डाव्या बाजूचा पुराना फोटो असेल ना? जल्दी भेज.”

फोटो छापून आणायला मीच धावलो. लीलाताईंनी नवा कागद कापला, मादीच्या मानेवर ठेवला. वळीवर वळी बसली. मला तर नाचावंसं वाटलं, आणि त्या रडायला लागल्या.

“आई, अगं मिळाली ना ती!” फोनवर अबोली ओरडत होती. “आता का रडतेस?”

“तुझ्या लेकीला मी मारूनच टाकली होती गं,” लीलाताई म्हणाल्या.