डाव्या पोटरीचं माप

"पल्मोनरी एम्बोलिझम आहे," डॉक्टर म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं. "पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकलाय. या पायाला कुणी चोळलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "तीन दिवस मालिश झाली. माझ्या सांगण्यावरून."

त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी की, पोटरी सुजली की आपल्याकडं पहिली आठवण मालिशवाल्याची होते. मलाही त्याचीच झाली. तुम्हाला होऊ नये.

पेशंट म्हणजे प्लामेन, आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. वय पस्तीस. मूळचा बल्गेरियाचा, डॅन्यूब नदीकाठच्या एका लहान गावातला. पेशानं फुटबॉलपटू, जागा फॉरवर्डची. म्हणजे संघात गोल करायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. त्याचे बहुतेक गोल डाव्या पायाचे. पैठण रोडवरच्या एका खाजगी अकॅडमीनं त्याला मुलांना शिकवायला आणलं होतं.

त्याची सगळी कारकीर्द मला जेवताना तुकड्यातुकड्यांनी कळली. शाळकरी वयात गावच्या क्लबकडून सुरुवात. मग राजधानीत दोन हंगाम, त्यातला बराच वेळ बाकावर बसून. त्यानंतर सायप्रस, माल्टा, कोलकाता, गोवा. प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा लहान. कोलकाता आणि गोव्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत तो सांगायचा, "काका, मेरा करिअर सीढ़ी है. लेकिन नीचे जाने वाली."

माझी बायको सुनंदा त्याला दही द्यायची. ते त्याला पाणचट वाटायचं.

"काकू, दही पतला."

"मग तुझ्या गावाहून म्हैस घेऊन ये," सुनंदा म्हणायची, आणि आणखी एक वाटी वाढायची.

अकॅडमीत तो मन लावून शिकवायचा, पण जीव खेळण्यात अडकला होता. नाताळच्या आधी गोव्यातल्या एका क्लबनं त्याला चाचणीसाठी बोलावलं, जानेवारीच्या शेवटी. पास झाला तर आणखी एक हंगाम, बहुधा शेवटचा. "बच्चों को सिखाना अच्छा है," तो म्हणाला. "लेकिन मैं अभी मरा नहीं हूँ, काका."

नाताळात तो आईला भेटून आला. दोन विमानं, मग मुंबईहून रात्रभर बस. सव्वासहा फुटांचा माणूस, पाय दुमडून बसलेला. आल्यावर लगेच सरावाला लागला आणि दोन-चार दिवसांत डावी पोटरी दुखायला लागली. स्नायू ताणला असं त्याला वाटलं, मलाही. अकॅडमीत फिजिओथेरपिस्ट होता, पण त्याची गोव्यात ओळख होती. चाचणीआधी दुखापतीची बातमी तिकडं गेली असती, तर बोलावणंच रद्द झालं असतं.

"काका, किसी को बोलना नहीं."

मी शब्द दिला.

मी चितेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. चोवीस वर्षं मोजमाप करतोय. म्हणून सवयीनं सुनंदाच्या शिलाई मशीनवरची टेप आणली आणि गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी सदतीस सेंटिमीटर. डावी एक्केचाळीस.

कंपनीत अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला मी माल बाजूला काढतो, आणि कारण सापडेपर्यंत पुढं जाऊ देत नाही. इथं चार सेंटिमीटरचा फरक माझ्या हातात होता. मी कारण शोधलं नाही. कारण ठरवून टाकलं.

सुनंदा दारातून म्हणाली, "डॉक्टरला दाखवा की. मोजून सूज उतरती का?"

"डॉक्टर म्हणजे तपासण्या, तपासण्या म्हणजे अकॅडमीत बोभाटा," मी म्हणालो. "मी वस्तादांना बोलावतो."

वस्ताद आमच्या कारखान्याजवळच राहतात. तरुणपणी कुस्ती खेळायचे. आमच्या कामगारांचे मुरगळलेले पाय, लचकलेल्या कमरा तेच बघतात. माझी पाठही त्यांनीच बरी केली होती. मी त्यांना स्कूटरवरून घरी आणलं. त्यांनी पोटरीवर अंगठा दाबला. "लई कडक झालीया, साहेब. दोन-तीन दिसात मोकळी करतो." कोमट तेल लावून त्यांनी पाय खालून वर चोळायला सुरुवात केली. प्लामेननं टॉवेल दातात धरला होता. मी त्याचे खांदे धरले होते.

दुसऱ्या दिवशी मालिशनंतर मोजलं. साडेचाळीस. अर्धा सेंटिमीटर उतरला म्हणून मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "गोवा पक्का," म्हणालो. ती थाप अजून माझ्या तळहातात आहे.

तिसऱ्या मालिशच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध घेऊन जिना चढत होता. एरवी दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस मध्येच बसला. पिशवी हातातून सुटली. मी धावलो तर मॅच संपल्यासारखा धापा टाकत होता आणि ओठांचा रंग बदलला होता.

"काका, हवा नहीं है."

गाडीत घातलं. क्रांती चौकात गाड्या तुंबल्या होत्या. उगाच हॉर्न वाजवणाऱ्यांना मी नेहमी शिव्या देतो. त्या दिवशी मी हॉर्नवरचा हात काढला नाही.

कॅज्युअल्टीत बोटाला यंत्र लावलं. रक्तातला ऑक्सिजन सत्त्याऐंशी टक्के, तो पंच्याण्णवच्या वर हवा. छातीचा आवाज चांगला होता, ताप नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास?

"डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जाड आहे," मी म्हणालो.

त्या थांबल्या. "कुणी मोजली?"

"मीच. चार-पाच दिवसांपूर्वी."

"मग दाखवली का नाही?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी दोन तपासण्या लिहिल्या. सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य सोडून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. आणि पायाचा डॉपलर, म्हणजे आत रक्त कुठं वाहतंय आणि कुठं अडलंय हे दाखवणारी सोनोग्राफी. पायातल्या गुठळीला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. खेळाडूलाही ती होते. तासन् तास पाय दुमडून केलेला प्रवास तिला पुरतो.

आयसीयूत नेताना सिस्टरनी संमतीचा कागद पुढं केला. "पेशंटशी नातं?"

"घरमालक."

"नातेवाईक कुणी नाही का?"

"बल्गेरियात आहेत."

"मग तुम्हीच करा सही," त्या म्हणाल्या.

रक्त पातळ करणारं हेपरिन नावाचं औषध शिरेतून सुरू झालं. हे औषध गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. असलेली गुठळी शरीर हळूहळू जिरवतं. तोवर वाट बघायची. बाहेरच्या बाकावर पैठणकडचे एक गृहस्थ होते, त्यांच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मला चहा आणून दिला.

"तुमचं कोण हाय आत?"

"भाडेकरू."

"भाडेकरूसाठी बसलाय व्हय? असा मालक बघितला नाय मी." मग शेजारच्या बाईंना म्हणाले, "आमचा मालक तर नळाची तोटी बदलायला सहा महिने लावतो."

बाई हसल्या. मी चहा तसाच बाकाखाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्याचा ऑक्सिजन नळीशिवाय टिकला. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, धोका टळलाय. गोळ्या किमान सहा महिने. तोवर धक्काबुक्कीचा खेळ बंद, कारण साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. गोवा संपलं होतं. पस्तिशीत सहा महिने बाहेर बसलेल्या फॉरवर्डला पुन्हा कोण बोलावणार, हे मला डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती.

जे विचारायचं होतं ते विचारलं. "मालिशमुळंच तुकडा सुटला का?"

"नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मालिश न करताही सुटतो. पण अशा पायाला चोळणं म्हणजे धोका वाढवणंच. टक्केवारी मागू नका, माझ्याकडं नाही."

मला टक्केवारीच हवी होती. ती मिळाली असती तर माझ्या वाट्याचं तेवढंच मी उचललं असतं.

प्लामेनला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "बायाँ पैर रहेगा?" राहील, त्या म्हणाल्या. मग त्यानं स्वतः गोव्याला फोन लावला. एक मिनिटही बोलला नाही. फोन उशाखाली ठेवला. मग मला म्हणाला, "काकू को बोलो, दही भेजो. पतला वाला."

वस्तादांना मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं.

"असं बी असतंय, हे मला कुणी सांगितलंच नाय, साहेब."

"मलाही माहीत नव्हतं. पण मी विचारू शकत होतो. तुम्हाला मीच आणलं."

"मंग वळखायचं कसं?"

"एकच पाय सुजलेला, दुखरा, हाताला गरम लागणारा. लांबचा प्रवास झालेला किंवा माणूस बरेच दिवस पडून असलेला. यातलं काहीही दिसलं तर हात लावू नका, दवाखान्यात पाठवा."

त्यांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

जनरल वॉर्डात आणल्यावर प्लामेनच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. तिनं मला बघून छातीवर हात ठेवला आणि खूप काही बोलली. भाषा कळली नाही, पण ती आभार मानत होती हे कळलं. मला ते घेता येईना. मी प्लामेनला म्हणालो, "आई को बताओ, मालिश मैंने करवाई. मेरी गलती है."

तो तिच्याशी सावकाश बोलला. ती ऐकत राहिली, मग तिनं पुन्हा छातीवर हात ठेवला. पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "क्या बोला?"

"जो सच है. काका ने पैर नापा था, इसलिए डॉक्टर जल्दी समझी."

"और मालिश?"

"पैर मेरा था, काका. छुपाना मेरे को था." त्यानं डोळे मिटले. "माँ को एक सच बस है."

आता तो पुन्हा मैदानावर उभा राहून शिकवतो, शिट्टी घेऊन, रेषेबाहेर. गोल चुकलेल्या मुलाला बल्गेरियन भाषेत काय काय ऐकवतो. परवा त्याच्याकडं चेंडू घरंगळत आला. त्यानं तो डाव्या पायानं अडवला, क्षणभर पायाखाली धरला आणि एका मुलाकडं ढकलून दिला. मी कुंपणाबाहेरून बघत होतो. मी बघितलं हे त्याला कळू नये म्हणून स्कूटर ढकलत पुढं नेली आणि मगच सुरू केली.

तुमच्या घरात असा पाय सुजला तर जरूर मोजा. फरक दिसला तर त्याला नाव देऊ नका. तो आकडा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. चाचणी, सुट्टी, दिलेला शब्द, सगळं नंतर बघता येतं.

दर रविवारी प्लामेन खाली येतो, पायरीवर दोन्ही पाय पुढं करून बसतो आणि म्हणतो, "काका, नापो." मी टेप लावतो. उजवी सदतीस, डावी साडेसदतीस. डॉक्टर म्हणतात, हा अर्धा सेंटिमीटर कदाचित कायमचा राहील. उतरलं तर थाप मारायची असं मी आता काही करत नाही. आकडा बघतो, डॉक्टरांना कळवतो आणि टेप गुंडाळून ठेवतो.