डॉक्टरांच्या कपाटातली बाटली

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं उठतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्या घरातला प्रत्येक माणूस पोलिसांना जबाब द्यायला उत्सुक आणि खरं मात्र एकही सांगत नाही, असं घर एकदाच पाहिलं.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. दुपारी एका बाईचा फोन आला. अमुक इमारतीत तळमजल्यावर बंद पडलेला दवाखाना आहे, काचेच्या कपाटात वरच्या खणात तपकिरी बाटली आहे, तिच्यात कोकेन आहे. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागे असते. नाव विचारलं तर फोन बंद. खबर देणारा किल्लीची जागासुद्धा सांगतो तेव्हा तो घरचाच असतो, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं आणि पंच शोधायला माणसं पाठवली. पंच व्हायला कोणी तयार होईना. शेजारचा जीन्स शिवणारा कारखानदार म्हणाला, कोर्टात यावं लागणार असेल तर माझी तब्येत बरी नाही. ‘कोकेन’ हा शब्द फुटल्यावर मात्र अख्खी गल्ली दारात उभी राहिली, त्या कारखानदारासकट. त्यातल्याच दोघांना कसंबसं पंच केलं.

दवाखाना कान-नाक-घशाच्या एका सिंधी डॉक्टरांचा होता. डॉक्टर वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांची पत्नी, वरच्या मजल्यावर सून आणि नातवासोबत राहणारी ऐंशी ओलांडलेली आजी, ती खोली रोज झाडून पुसून ठेवायची. बाटली सांगितल्या जागी मिळाली. परदेशी कंपनीचं पिवळं पडलेलं लेबल, त्यावर कोकेनचं नाव आणि लाल अक्षरांत ‘विष’. आत पांढरी पूड.

मी म्हणालो, “आजी, नीट विचार करून बोला. ही कोणाची?”

“साईं,” त्या मला सिंधी पद्धतीने साहेब म्हणाल्या, “बाटली माझी. आतलं पण माझं. डॉक्टरसाहेब यानेच नाक बधिर करायचे. असली माल आहे, लिहून घ्या.”

कुठल्याही वकिलाने त्यांना ‘मला माहीत नाही’ एवढंच बोलायला सांगितलं असतं. या बाई आपणहून मालाच्या शुद्धतेची हमी देत होत्या.

जागेवर तपासणी करायची तर आमच्या किटची मुदत संपलेली. दुसरं मागितलं, तर वरच्या ऑफिसातले मागणी लेखी पाठवा म्हणाले. शेवटी माल सीलबंद करून नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला. वरिष्ठांना अटक हवी होती, कारण पत्रकार आले होते. मी म्हणालो, माल आपल्या ताब्यात आहे, बाई काठीशिवाय जिना उतरत नाहीत, पळून कुठे जाणार? अहवाल येईपर्यंत थांबू. ते थांबले, पण जबाबदारी माझी, हे दोनदा बजावून.

फोन सुनेने केला होता. महिला हवालदारासमोर विचारल्यावर तिने लगेच कबूल केलं. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा, अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. आजोबांचं औषध आपण रविवारी घेतलं आणि मित्रांनाही दिलं, अशी फुशारकी तो मोबाइलवर मारत होता ती तिने ऐकली. सासूबाई बाटली टाकू देईनात. “मला वाटलं, तुम्ही बाटली घेऊन जाल आणि विषय संपेल,” ती म्हणाली. पोलीस म्हणजे हिच्या लेखी कचऱ्याची गाडी.

मुलाला ठाण्यात बोलावलं. आधी त्याने सगळं नाकारलं. मी आवाज चढवला नाही, फक्त त्या रविवारी सकाळपासून काय काय केलं ते सांगायला लावलं. खोटं बोलणाऱ्याला जेवणापर्यंतचं सगळं आठवतं, पुढे तो अडखळतो. तोही अडखळला आणि मग रडायला लागला. बदलापूरला खरवईत मित्राच्या फ्लॅटवर सगळ्यांनी पूड नाकात ओढली होती. “सर, डोकं एकदम हलकं झालं. उडाल्यासारखं वाटलं.” नंतर नाकातून रक्त आलं, तरी मित्रांसमोर हा म्हणत होता, क्या माल है. मित्राकडे उरलेली पुडी आम्ही जप्त केली आणि तीही तपासायला पाठवली.

नातवाचं नाव आलं तशी आजींनी जबाब बदलला. “त्याने हात नाही लावला. मीच खाते रोज.”

“कसं खाता?”

“पानात घालून.”

मी कपाळाला हात लावला.

अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला एक वृद्ध डॉक्टर राहत. तरुणपणी ते याच दवाखान्यात शिकले होते. म्हटलं, निदान एक तरी शहाणा माणूस भेटेल. त्यांनी सांगितलं, आजी पानाचं म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईत, कलकत्त्यात लोक पानातून कोकेन खायचे, जीभ बधिर झाली की माल खरा समजायचे. दक्षिण अमेरिकेत डोंगरातले मजूर ज्याची पानं चघळत, त्या झुडपातून हे निघालं. आधी डोळ्याच्या, मग नाकाच्या शस्त्रक्रियेत ते वरदान ठरलं. त्यापूर्वी रोग्याला चार जणांनी धरून ठेवावं लागे. “पण याच्या आहारी आधी गेले ते डॉक्टरच,” ते म्हणाले. “हाताशी असायचं ना.” एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

अखेर अहवाल आला. बाटलीत आणि पुडीत, दोन्हीकडे बोरिक पावडर. कान फुटला की घालतात ती. पोरगा तिच्यावर उडाला होता.

मला वाटलं, सुटलो. पण वरिष्ठ म्हणाले, लेबल कोकेनचं आहे, म्हातारी असली म्हणते, मग असली कोकेन गेलं कुठे? नातवाने विकलं आणि बोरिक भरलं. त्याला उचला. तर्क चुकीचा आहे असं मला ठामपणे म्हणता येईना.

मी आधी महिला हवालदाराला घेऊन आजींकडे गेलो आणि अहवाल वाचून दाखवला. आता नातवाला नेणार, तेही सांगितलं.  त्यांनी सुनेला चहा करायला आत पाठवलं. महिला हवालदार आणि मी, दोघंच उरलो.

“पोरगा चोर नाही, साईं. ते मीच गटारात ओतलं. हा जन्मलापण नव्हता तेव्हा.”

मग त्या थांबल्या नाहीत. डॉक्टरांना त्याची सवय लागली होती. आधी थकवा घालवायला, मग रोज. शस्त्रक्रिया करताना हात थरथरायला लागला. एका दुपारी ते झोपलेले असताना यांनी बाटली रिकामी केली आणि बोरिक भरून जागच्या जागी ठेवली. संध्याकाळी डॉक्टरांनी बाटली उघडली. त्यांना कळलंच.  पुढचे कित्येक दिवस ते तापाने फणफणल्यासारखे पडून होते आणि दवाखान्यावर ‘डॉक्टर गावाला गेले आहेत’ अशी पाटी होती. त्यानंतर त्यांनी ती बाटली कधी उघडली नाही, आणि नवराबायकोत त्यावर एक शब्द झाला नाही.

“लोक हात जोडायचे त्यांना,” आजी म्हणाल्या. “मी जेलमध्ये गेले असते. पण डॉक्टरसाहेब नशा करायचे, हे माझ्या तोंडून कसं निघणार?”

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. मी त्यांचा जबाब लिहून घेतला. ‘मूळ औषध मी स्वतः नष्ट केलं, बाटलीत बोरिक भरलं.’ का, ते लिहिलं नाही. माल कुठे गेला एवढंच त्या कागदाला हवं होतं. अंबरनाथच्या डॉक्टरांना पुन्हा भेटलो. तुम्ही शिकत असताना दवाखान्याचे डॉक्टर मध्येच काही दिवस गावाला गेले होते का, एवढंच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. वरिष्ठांनी कुरकुर करत प्रकरण बंद केलं. नातू सुटला, त्याला चार शब्द मी सुनावले ते वेगळे.

आजी आता हयात नाहीत, आणि मी इथे कोणाचंही नाव घेतलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आधी विचारावं, हा कोणाला वाचवतो आहे? एवढी साधी गोष्ट कळायला मला निवृत्तीच्या तोंडावर एक म्हातारी भेटावी लागली. तिच्याइतकं मला एकाही अट्टल गुन्हेगाराने छळलं नाही, आणि तिच्याइतका नीट सांभाळलेला संसारही मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.