आयर्लंडच्या उंबऱ्यावर अक्षत

आमच्या थोरल्या साडूंना चंद्रावर नेऊन सोडलं, तरी ते आधी शेजार कुठे आहे हे विचारतील आणि मगच सामान उतरवतील. त्यांच्या गावी, असोद्याला, त्यांना ओट्यावर एकट्याने चहा पिताना कोणीही पाहिलेलं नाही. एस.टी. चुकलेला माणूस रस्त्यात दिसला, की त्याला हाक मारून बसवायचं आणि गप्पांच्या नादात त्याची पुढचीही एस.टी. चुकवायची, हा त्यांचा आवडता उद्योग. केळीला पाणी देताना पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी ते एवढ्या जोरात बोलत, की बातमी नशिराबादला आपोआप पोचे. अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एक लेकीने आयर्लंडमधल्या एका खेड्यात नेलं, जिथे माणसं कमी आणि मेंढ्या जास्त!

माझी मेहुणी गेल्यापासून साडू एकटे पडले होते. लेक तिकडे डॉक्टर. वडिलांना, म्हणजे आमच्या साडूंना, नानांना, शेताशिवाय करमायचं नाही म्हणून तिने शहर सोडून मुद्दाम खेड्यात घर घेतलं. घर लावून द्यायला आम्ही नवरा-बायकोही सोबत गेलो. साडूंच्या अंगात तर वारंच भरलं होतं! गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी तिथली माती हुंगली, मेंढ्यांच्या लेंड्या खिशात भरल्या आणि लेकीच्या चकचकीत स्वयंपाकघरात टेबलावर मांडून म्हणाले, "काय खत आहे भो! आपल्या केळीले हे भेटलं असतं, तर झाडाले घड पेलवला नसता." मग ते दगडी कुंपणाशी उभे राहून लांबच्या ट्रॅक्टरवाल्याला ओरडून विचारत, "जेवन झालं का?" एकदा त्याने हात वर केला, तर साडू तो सारा दिवस हवेत होते.

पण आठवडा उलटला तरी घराची पायरी कोणी चढेना, आणि साडूंचा चेहरा पडत चालला. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "ज्या घरात शेजाऱ्यानं पान उष्टं केलं नाही, ते घर नाही, लॉज आहे. उद्या बठ्ठ्या गावाले, एकूणएक घराले, जेवाले बोलावतो. कोणी आलं नाही, तर मी या साडूसंगे असोद्याले वापस." लेकीने मला अंगणात गाठलं. "मावसा, काहीतरी करा ना. हे घर मी त्यांच्यासाठीच घेतलंय हो." तिचे डोळे भरून आले होते.

लोकांना फोनवर निरोप पाठवते, असं ती म्हणाली, तर साडू उखडले. "जेवाले काय मोबाइलवर बोलावता? अक्षत द्या लागते!" हळद-कुंकू लावलेले तांदूळ उंबऱ्यावर ठेवायचे आणि तोंडाने 'चूलबंद' सांगायचं, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यात गेली आणि आम्ही दोघे टोप्या घालून निघालो. माणसं सगळी शेतावर. साडू प्रत्येक उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता ठेवत आणि बंद दाराला खड्या आवाजात सांगत, "चूलबंद आमंत्रण आहे, सांजच्याले या!" एका कुत्र्याने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाना, त्यांना कळणार कसं?" मी विचारलं.

"अक्षत पाहून कोनाले कळत नाही?" ते माझ्याकडे बघतच राहिले.

संध्याकाळी अंगणात वांगी भाजली. जाळायला नेहमीच्या कपाशीच्या काड्या नाहीत म्हणून साडू जाळाशी भांडत होते आणि माझी बायको असोद्याहून आणलेल्या ज्वारी-उडदाच्या पिठाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. भरीत झालं, पानं मांडली, पण रस्ता ओसाड. लेक खिडकीपासून हलेना. आणि एकदम गाड्याच गाड्या! पुढे गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक म्हातारी, तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आमच्याच अक्षता. मागे आणखी माणसं, प्रत्येकाच्या हातात पिशवी, कपाळावर आठ्या. ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला पाहिलं होतं. म्हातारीच्या कोंबड्यांनी त्यातले काही पिवळे दाणे खाल्ले होते आणि हे उंदरांचं औषध तर नाही ना, हे विचारायला सारं गाव आलं होतं.

लेकीचा रंग उडाला. साडूंचा मात्र आनंद गगनात मावेना. त्यांनी म्हातारीच्या हातातली पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि मला म्हणाले, "पाह्य साडू, अक्षत संगे घेऊन आले! किती रीतीचे लोक!" लेकीने अडखळत सगळा खुलासा केला. म्हातारीने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा साडूंकडे, आणि खाली वाकून बूट काढले.

मग काय विचारता! मिरचीने सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, तरी पानं पुन्हा पुढे. तिकडे उन्हाळ्यात सूर्यही लवकर बुडत नाही, आणि तेवढा वेळ साडू त्यांच्याशी असोद्याच्या बोलीत बोलत होते. लोक माना डोलवत होते. काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही निघालो त्या सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर मूठभर पांढऱ्या तांदळाची ढिगुली. कुंपणापलीकडे म्हातारी हात हलवत होती. हळद कुठून आणणार बिचारी! साडूंनी लगबगीने टोपी घातली. "मले जेवाले जा लागते. तुम्ही निघा." विमानतळावर सोडायलाही आले नाहीत. लेक गाडी चालवताना वाटभर हसत होती आणि डोळे पुसत होती.

यंदा माझ्या मुलाचं लग्न निघालं. रीतीप्रमाणे मी असोद्याला जाऊन साडूंच्या कुलूपबंद दाराशी अक्षत ठेवली आणि तिथूनच फोन लावला. "नाना, चूलबंद आहे बरं का."

पलीकडून ते म्हणाले, "दार बंद असीन ना रे?"

"हो."

"चिमण्या टिपतीन मग. टिपू दे. पोहोचलं आमंत्रण."

मी त्यांच्या रिकाम्या ओट्यावर तसाच बसून राहिलो. रस्त्याने एस.टी. चुकलेला एक माणूस चालला होता. मी त्याला हाक मारली.