माझा सिनेमा मीच विकणार

चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको की तुझ्या त्या सिनेमाचं पुढे झालं काय. वाट लागली, आणि ती मीच माझ्या हाताने लावली.

सिनेमा छोटासा. एक म्हातारा मढच्या किनाऱ्यावर हरवलेली बकरी शोधत फिरतो. बकरी त्याच्या गेलेल्या बायकोची, बस, एवढीच गोष्ट. म्हातारा म्हणजे माझे बाबा. गिरणीत होते तेव्हा गणपतीतल्या नाटकांत कामं करायचे. गिरणी गेली, नाटकंही गेली, आणि आई गेल्यावर तर घरात बोलणंसुद्धा कमी झालं. कॅमेऱ्यासमोर मात्र हा माणूस असा फुलला की काय सांगू! पण तयार झालेला सिनेमा काही बघेनात. म्हणाले, "मी एकटो बघूचंय नाय. आपल्या माणसांत बसान बघतलंय."

अंधेरीला नाडकर्णी म्हणून एक वितरक आहेत. सिनेमा लोकांपर्यंत पोचवायचा तर अशांच्या हाती द्यायचा, ही रीत. त्यांनी ट्रेलर पाहिला आणि शांतपणे विचारलं, "या म्हाताऱ्याला बघायला कोण येणार?" झालं! माझ्या बापाला म्हातारा म्हणता? आता तो आहे म्हातारा, पण म्हणून काय दुसऱ्याने म्हणायचं? मी सांगून टाकलं, माझा सिनेमा मीच विकणार, इंटरनेटवर, मध्ये कुणी नको.

एका वेबसाइटवर चढवला. तिथे देश निवडायचा होता. आमचे बेत मोठे! पुढेमागे परदेशातून कुणी मागितला तर तिथले हक्क मोकळे हवेत ना, म्हणून सध्या फक्त भारतात दाखवायचा. भारत निवडला, बटण दाबलं. स्वतः लावून पाहिला, झकास चालला. मग लिंक सगळ्यांना पाठवली.

आणि काय कौतुक झालं म्हणता! वाकोल्याच्या मावशीने लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं रे. मुलुंडचा चुलतभाऊ म्हणाला, शेवट तर कडक. साइटवर प्रेक्षकांच्या जागी मात्र शून्य. मी म्हटलं, साइटवाले झोपलेत, मागाहून मोजतील. तुम्हाला शंका आली असती? मला नाही आली. कौतुक चालू असताना कोण शंका घेत बसतो?

रविवारी दिंडोशीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बाबांच्या माणसांसाठी सिनेमा लावायचा ठरला. सेक्रेटरींचा लॅपटॉप, भिंतीवर चादर. मी निघालो नाडकर्णींना आणायला. म्हाताऱ्याला बघायला कोण येतं ते त्यांना दाखवायचंच होतं. परत येताना रिक्षात त्यांनी सहज लिंक उघडली, चष्मा वर केला आणि वाचून दाखवलं, "हा चित्रपट तुमच्या देशात उपलब्ध नाही." मग बाहेर बघत म्हणाले, "आपण कुठल्या देशात आहोत हो?"

तिथे दोन बटणं होती. एक 'फक्त या देशात दाखवा', दुसरं 'या देशात दाखवू नका'. मी दुसरं दाबलं होतं. सिनेमा अख्ख्या जगाला खुला, भारताला तेवढा बंद! माझ्याकडे चालला, कारण मालकाला सगळं दिसतं. बाकीच्यांना वाटलं, आपलाच फोन बिघडलाय. मला वाईट वाटू नये म्हणून बिचारे न बघताच रडले होते.

रिक्षातच बटण बदललं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हॉल भरला असेल, बाबा नवा शर्ट घालून पुढे बसले असतील, आणि चादरीवर काहीच नाही. इतक्या वर्षांनी तो माणूस चार लोकांसमोर यायला निघाला होता आणि मी त्याला तोंडघशी पाडलं.

धावत आत शिरलो तर चादर कोरी आणि तिच्यापुढे बाबा उभे. अख्खा सिनेमा एकटे करून दाखवत होते. म्हातारा तेच, समुद्र तेच, बकरीही तेच. खरं सांगतो, आमच्या बकरीपेक्षा बरं काम चाललं होतं. आता सिनेमा लागेल, असं मी जोरात सांगितलं, तर शेजारच्या कांबळेकाकूंनी हाताला धरून खाली बसवलं.

"गप बस रे," त्या म्हणाल्या. "आता सापडेल ती बकरी."

सापडली. सिनेमात तिथे म्हातारा नुसता हसतो. इथे बाबांनी समोर नसलेल्या बकरीला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाले, "चल गो बाय, सुमन वाट बघता हा."

सुमन माझ्या आईचं नाव. मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. मला रडू आलं, अगदी खरं, मावशीसारखं नाही.

नाडकर्णी चष्मा पुसत बाबांकडे गेले. मी मनात म्हटलं, आता हे सिनेमा मागणार, आपण जरा भाव खायचा. ते म्हणाले, "काका, हे मी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्या हॉलांत लावतो." मग माझ्याकडे वळले. "सिनेमा तुमचा तुम्हीच विका."

बाबांनी एकच अट घातली. "माझ्या झिलाक पन कायतरी काम द्या."

दिलं ना. हल्ली बाबांच्या प्रयोगाला दिवे मी सांभाळतो. आणि बटण दाबायच्या आधी त्याखाली काय लिहिलंय ते बाबा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात.